शपथ घशाची, जिभेची नव्हे!

माझी आई आज हयात असती आणि हा दिवाळी अंक तिच्या हाती पडला असता, तर हा लेख तिने चार ओळींपलीकडे वाचला नसता. अंक मिटून फडताळावर ठेवला असता आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी अबोला धरला असता. तिचे चुकले असते असेही मी म्हणणार नाही. फ्रान्सची पांढरी वाइन कशी चाखावी, किती थंड करावी आणि पाहुण्यांना कशी वाढावी, हे सांगायला तिच्या पोटच्या लेकीने लेखणी उचलावी, याहून मोठे आक्रीत ते कोणते!

म्हणून आधीच सांगून टाकते. मी आजवर दारूचा एकही घोट गिळलेला नाही. या लेखात ज्या वाइनचे मी कौतुक करणार आहे, तिचाही नाही. मग चव कशी घेतली म्हणाल, तर तीच हकिकत सांगायला बसले आहे.

आमचे बिऱ्हाड परळच्या एका चाळीत होते. वडील गिरणीत साच्यावर होते. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून तो कडक रीतीने अमलात आला. कायद्याच्या पुस्तकात दारू बंद झाली. आमच्या चाळीमागच्या बोळात ती चालूच होती. गूळ आणि नवसागर घालून काढलेली हातभट्टी मोटारीच्या रबरी ट्यूबांतून येई आणि चपट्या बाटल्यांतून घरोघर जाई. ज्या जिनसेला घरात राजरोस जागा नसते, ती चोरवाटेने शिरते. आमच्या घरात ती कधी तांदळाच्या डब्यात निघे, कधी गादीच्या घडीत, आणि एकदा तर देव्हाऱ्यामागे निघाली. शोधून काढायचे काम माझ्याकडे असे, कारण घरात नाक माझे तिखट. आई नुसती माझ्याकडे बघे आणि मी दहा-बारा वर्षांची पोर वास घेत खोलीभर हिंडे.

१९७२ साली वडील गेले. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तेराव्याच्या रात्री आईने मला समईपुढे बसवले आणि माझ्याकडून शपथ घेतली, ‘हा घोट माझ्या घशाखाली कधी उतरणार नाही.’ शब्द तिचे होते, मी फक्त उच्चारले. पण उच्चारले ते आजपर्यंत पाळले.

टॉवेलच्या घडीत

माझी लेक फ्रान्समध्ये तुलूझ येथे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तुलूझ हे विमाने बांधणाऱ्यांचे गाव. जुनी घरे गुलाबी विटांची, म्हणून फ्रेंच लोक त्याला ‘गुलाबी नगरी’ म्हणतात. तिथेच तिचे एका फ्रेंच मुलाशी लग्न ठरले. हे असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि ते मुलाला बुद्धिबळ खेळायला बोलावतील असे उत्तर मिळाल्यावर मीही होकार देऊन टाकला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी व्याह्यांना भेटायला म्हणून तिकडे गेले.

चौथ्या दिवशीची गोष्ट. लेक कामावर गेली होती. पोळ्या कराव्यात म्हणून मी लाटणे शोधत होते. वरच्या खणात मिळेना म्हणून खालचा उघडला. तिथे टॉवेलच्या घडीत काहीतरी टणक हाताला लागले. उलगडून पाहते, तर बाटलीचे बूच काढायचा कॉर्कस्क्रू! माझ्या छातीत धस्स झाले. इतक्या वर्षांनी माझे नाक पुन्हा कामाला लागले. कपड्यांच्या कपाटात थंडीच्या कोटांमागे दोन भरलेल्या बाटल्या उभ्या होत्या.

वाचकहो, पन्नास वर्षांपूर्वीचा तो तांदळाचा डबा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी सगळे होते तसे ठेवले. संध्याकाळी लेक आली. मी काही विचारले नाही, आणि तिनेही काही सांगितले नाही. आम्ही दोघींनी पिठले-भात खाल्ला आणि हवेच्या गप्पा मारल्या.

लिंबू नव्हे, लिमू

त्या शनिवारी व्याह्यांनी आम्हांला आपल्या गावाकडे बोलावले होते. तुलूझहून आग्नेयेला शंभर किलोमीटरांच्या आसपास गेले, की कार्कासोनचा प्रसिद्ध तटबंदीचा किल्ला लागतो. तिथून दक्षिणेला ओद नदीच्या काठाकाठाने पंचवीसेक किलोमीटर गेले, की एक लहानसे गाव येते. त्याचे नाव लिमू. मी आपली पहिले दोन दिवस ‘लिंबू’च म्हणत होते, आणि होणारे जावईबापू बिचारे अदबीने ‘हो’ म्हणत होते.

लिमूच्या पाठीशी पिरिनीज पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत. पूर्वेकडून भूमध्य समुद्राची ऊब येते, पश्चिमेकडून अटलांटिकचा ओलावा येतो, आणि नदीच्या वरच्या खोऱ्यात उंचीमुळे गारवा राहतो. पांढऱ्या द्राक्षाला असा गारवा मानवतो. त्यात आंबटपणा टिकतो. इथली फेसाळ वाइन फार जुनी. जवळच्या सँतिलेरच्या मठातील जोगी १५३१ साली ती करीत असत असे गावकरी अभिमानाने सांगतात, आणि शांपेनच्याही आधी आम्ही हे केले, असे पुढे जोडतात. पण मी सांगणार आहे ती फेसाळ नव्हे. ती साधी, बिनफेसाची, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली पांढरी वाइन.

व्याही निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या शेजारीच एक द्राक्षबागायतदार राहतो. आपल्या नाशिककडच्या बागायतदारासारखाच रापलेला चेहरा आणि पावसावर तीच कायमची तक्रार! त्याच्या तळघरात आम्ही उतरलो. मी नाकाला पदर लावायच्या तयारीनेच उतरले होते. आता तो गूळ-नवसागराचा वास येणार, म्हणून श्वास रोखून धरला होता. शेवटी सोडावा लागला. वास आला तो ओल्या लाकडाचा, सुताराच्या दुकानाचा, आणि कुठेतरी भाजलेल्या बदामाचा. मी पदर खाली घेतला.

पिंपाचे गणित

तळघरात दोन्ही बाजूंना पिंपे आडवी मांडलेली होती. एकेका पिंपात सव्वादोनशे लिटर मावतात. पाऊण लिटरच्या बाटलीचा हिशेब केला, तर एका पिंपाच्या तीनशे बाटल्या. ओकचे झाड दीडशे वर्षांचे वगैरे झाले, की मग पिंपाच्या कामी येते. त्याच्या फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर ऊनपावसात ठेवतात, म्हणजे लाकडातला कडवटपणा निघून जातो. मग पिंप बांधताना आत विस्तव पेटवून फळ्या वाकवतात आणि आतली बाजू भाजून काढतात. थोडी भाजली की गोडसर वास, जास्त भाजली की कॉफीसारखा. आपण रवा भाजतो तेव्हा खमंग आणि करपका यांत जे अंतर असते, तेच इथे.

त्या भाजलेल्या लाकडातून वाइनमध्ये काय काय उतरते, ते जावईबापूंनी मला सांगितले. ते रसायनशास्त्र शिकलेले. व्हॅनिलाचा सुगंध ज्या द्रव्याचा, ते व्हॅनिलिन ओकमध्ये असते. लवंगेच्या तेलात जे युजेनॉल असते, तेही असते. आणि ओकचे म्हणून एक लॅक्टोन असते, त्याला चक्क खोबऱ्याचा वास येतो. हे ऐकल्यावर माझा परकेपणा निम्मा ओसरला. लवंग आणि खोबरे या दोहोंशी माझी पन्नास वर्षांची घसट!

मी विचारले, ‘‘पिंप केवढ्याला पडते?’’ बागायतदाराने सांगितले, नवे घ्यावे तर सातशे-आठशे युरोंच्या पुढेच. मी मनातल्या मनात भागाकार केला. म्हणजे बाटलीमागे अडीच युरो नुसत्या लाकडाचे झाले. मग बारा युरोंना बाटली विकणे याला परवडते कसे?

माझा प्रश्न लेकीने भाषांतर करून सांगताच तो मनापासून हसला. पाहुण्यांनी पहिला प्रश्न हिशेबाचा विचारावा, हे त्याला आवडले असावे. त्याने सांगितले, की तो सगळी पिंपे दरसाल नवी घेत नाही. थोडी नवी, थोडी एका हंगामाची, थोडी तीन-चार हंगामांची. पिंपाचा वास वर्षागणिक कमी होत जातो, जशी फोडणीच्या कढईला पहिल्या पदार्थाची चव जास्त. नवे-जुने मिसळले, की खर्चही आवरतो आणि वाइनला नुसत्या लाकडाची चवही येत नाही. दुसरे कारण नावाचे. हीच शार्दोने द्राक्षे बर्गंडीत पिकली, तर तिथल्या नामांकित गावांच्या नावावर बाटली चौपट-पाचपट किमतीला जाते. लिमूचे नाव तितके गाजलेले नाही, त्याचा फायदा गिऱ्हाइकाला.

स्वस्तात लाकडाचा वास आणण्याची आणखीही एक युक्ती आहे. लोखंडी टाकीत ओकच्या ढलप्या टाकायच्या. युरोपात तिला २००६ साली परवानगी मिळाली. पण बाटलीवर नुसते ‘लिमू’ हे प्रमाणित नाव लावून बिनफेसाची पांढरी वाइन विकायची असेल, तर ही युक्ती चालत नाही. १९९३ साली या नावाला मान्यता मिळाली तेव्हापासूनचा नियम असा, की रस ओकच्या पिंपातच आंबला पाहिजे आणि पुढच्या वर्षीच्या १ मेपर्यंत पिंपातच राहिला पाहिजे. द्राक्षे तीन जातींची: शार्दोने, शनाँ आणि तिथली जुनी मोझाक. त्यांतली मोझाक निदान शेकडा १५ असलीच पाहिजे. मोझाकला सफरचंदाच्या सालीसारखा वास येतो.

गावाचा या पिंपांवर किती जीव आहे पाहा. १९९० पासून तिथल्या सहकारी संस्थेने एक उत्सव सुरू केला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी शार्दोनेच्या पिंपांचा लिलाव होतो, आणि त्याच्या पैशातून दरवर्षी पंचक्रोशीतल्या एकेका गावाच्या चर्चचा घंटेचा मनोरा दुरुस्त करतात. आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीतून शाळेचे छप्पर घालावे, तसेच हे!

पिकदाणीचा शोध

आता चाखण्याची वेळ आली. आम्ही गेलो तो एप्रिल. म्हणजे आधीच्या हंगामाची वाइन अजून पिंपातच होती. बागायतदाराने काचेची लांब नळी पिंपात सोडली आणि चार पेल्यांत थोडी थोडी धरली. एक पेला माझ्यापुढे केला.

लेकीचा चेहरा उतरला. ती घाईघाईने काहीतरी फ्रेंचमध्ये सांगू लागली. मी नकाराचे शब्द जुळवीत होते, तोच बागायतदाराने आपला घोट तोंडात घोळवला, तोंड वाकडे करून हवा आत ओढली, आणि बाजूला ठेवलेल्या एका बादलीत सरळ थुंकून टाकला!

मी पाहतच राहिले. पुढे व्याही थुंकले. विहीणबाई थुंकल्या, आणि तेही अशा डौलाने, की पान खाणाऱ्या एखाद्या जुन्या सरदारीण बाईने शिकावे. व्याह्यांनी सांगितले, की दिवसाला वीस-तीस नमुने चाखणारी माणसे एकही गिळत नाहीत. गिळली तर पाचव्या नमुन्यानंतर त्यांच्या मताला किंमत काय राहणार?

पिकदाणी! म्हणजे ही माणसे ज्याला चाखणे म्हणतात, त्यात पिणे नव्हतेच. मी समईपुढची ती रात्र आठवली. ‘घशाखाली’ असेच आईचे शब्द होते. शपथ घशाची होती, जिभेची नव्हे. वकिली युक्तिवाद झाला म्हणा हवे तर. पण मी पेला घेतला.

व्याह्यांनी मास्तरकीच्या सवयीने क्रम सांगितला. आधी पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा. तो फिक्या गवती सोन्यासारखा होता; पिंपातली वाइन टाकीतल्या वाइनपेक्षा थोडी गडद असते. मग पेला न हलवता वास घ्यायचा. मग देठाला धरून गोल फिरवायचा आणि पुन्हा वास घ्यायचा. पेला पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असतो तो याचसाठी, वास आत कोंडून राहावा म्हणून.

‘‘काय वास येतो?’’ त्यांनी विचारले.

सगळे थांबले. मी डोळे मिटले आणि जे आले ते सांगत गेले. पिवळे सफरचंद. मोसंबीची साल. लोणी कढवताना बेरी तांबूस व्हायच्या आधीचा क्षण. ओल्या खोबऱ्याचा नव्हे, सुक्या खोबऱ्याचा किंचित भाजलेला वास. एखादी लवंग.

लेकीने भाषांतर केले. बागायतदार काहीच बोलला नाही, फक्त दुसऱ्या पिंपाकडे गेला आणि तिथली वाइन आणून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटले, ‘‘हिला लाकूड कमी आहे आणि ही आंबट जास्त आहे.’’ ते जुने पिंप होते. तो व्याह्यांकडे वळून काहीतरी म्हणाला. लेक हसली. ‘‘आई, तो म्हणतोय, हे नाक इथेच ठेवून जा.’’

ज्या नाकाने मी लहानपणी चपट्या बाटल्या शोधल्या, त्याची आयुष्यात प्रथमच कुणी वाहवा केली होती. मला त्याचे हसू यावे की रडू, कळेना.

लोण्याच्या वासाचे कारणही तिथेच समजले. द्राक्षात सफरचंदातले तीक्ष्ण आम्ल असते. पिंपात काही जिवाणू त्याचे दह्यातल्या सौम्य आम्लात रूपांतर करतात, आणि तेव्हा लोण्याचा वास देणारे एक द्रव्य तयार होते. तळाशी यीस्टचा साका बसतो, तो अधूनमधून काठीने ढवळतात. त्याने वाइनला दाटपणा येतो. ताक, लोणी आणि रवी यांतच ज्या बाईचा जन्म गेला, तिला यात शिकवण्यासारखे थोडेच राहिले होते.

पहिला घोट मी तोंडात घोळवला. आधी आंबट, मग गुळगुळीत, शेवटी जिभेच्या मागे बदामाच्या सालीचा किंचित तुरटपणा. मग मी पदर सावरून बादलीशी गेले आणि थुंकले. माझा नेम काही विहीणबाईंसारखा लागला नाही.

निघताना आदल्या सालची एक भरलेली बाटली मी विकत घेतली. बारा युरो माझ्या पाकिटातून दिले. पुढच्या शनिवारी व्याही-विहीण लेकीकडे जेवायला यायचे होते. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी एवढेच म्हटले, ‘‘पाहुण्यांच्या गावची वस्तू आहे, घरात असावी.’’

फजिती आणि वीस मिनिटे

शनिवारचा स्वयंपाक मी केला. काजूची उसळ, नारळाच्या रसातली कोंबडी, साधा भात, पोळ्या आणि शेवटी बासुंदी. मिरचीला हात आखडता घेतला, कारण व्याह्यांनी बजावले होते: तिखटाने वाइनमधली दारू तोंडात जास्त झोंबते आणि लाकूड कडू लागते. नारळ, काजू, लोणी, साय हे मात्र ओकच्या वाइनचे सख्खे सोयरे.

आणि बाटली? ती मी कलिंगड गार करावे तशी दोन तास बर्फाच्या कप्प्यात घातली होती. गार वस्तू जितकी गार तितकी चांगली, ही आपली मुंबईची समजूत.

पाहुणे बसले. मी स्वतः बूच काढले. कॉर्कस्क्रू लेकीने कुठूनसा ‘आणून’ दिला, मीही ‘कुठून’ ते विचारले नाही. पेले एक-तृतीयांश भरले. सर्वांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून पेले भिडवले, तशी तिकडची रीत आहे. व्याह्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. जावईबापू पेल्यात डोकावू लागले. मीही नाकाशी धरला. कसला म्हणून वास नाही! जणू नळाचे पाणी. व्याह्यांनी घोट घेतला आणि सभ्यपणे पेला खाली ठेवला. लेकीने घोट घेतला आणि म्हणाली, ‘‘आई, नुसतं लाकूड लागतंय गं.’’

माझा चेहरा पडला. व्याही मात्र हसले. त्यांनी आपला पेला दोन्ही तळव्यांत धरला, आपण थंडीत चहाचा कप धरतो तसा. ‘‘गारठली आहे बिचारी,’’ ते म्हणाले. ‘‘वीस मिनिटे द्या.’’

वीस मिनिटे पाच माणसे हातात पेले धरून गप्प बसली, तर ती फार लांबतात. माझा पेला मी तसाच पुढे ठेवला होता. विहीणबाईंनी तिकडे बघून हळूच विचारले, की मला आवडली नाही का? तिथे बादली नव्हती. जेवणाच्या टेबलावर थुंकता येत नाही. मी लेकीला म्हटले, ‘‘मी सांगते ते जसंच्या तसं सांग. काही गाळू नकोस.’’

आणि मी सांगितले. चाळ, बोळ, तांदळाचा डबा, समई. लेकीला वडिलांच्या वडिलांविषयी सारे ठाऊक होते; माझ्या वडिलांविषयी मी तिला कधी काही सांगितले नव्हते. ‘आजोबा आजाराने गेले’ एवढेच तिला माहीत. भाषांतर करता करता ती मध्येच थांबली, आणि पुढचे तिला बराच वेळ बोलता आले नाही.

व्याह्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘‘अशी घरे आमच्याकडेही आहेत.’’ वाइन पिते ते राष्ट्र सुखाने पिते, अशी माझी कल्पना होती. ती त्यांनी राहू दिली नाही. त्यांच्या देशात पूर्वी शाळेतल्या मुलांना जेवणाबरोबर वाइन मिळे. १४ वर्षांखालच्या मुलांना ती देणे बंद झाले ते १९५६ साली. दारूच्या जाहिरातींवर कडक बंधने आली ती १९९१ च्या कायद्याने. त्यांनी बाटली फिरवून मागच्या चिठ्ठीवरचे छोटे चित्र दाखवले: गरोदर बाई आणि तिच्यावर आडवी रेघ. मग स्वतःच्या थोरल्या भावाविषयी दोन वाक्ये बोलले. ती त्यांच्या घरची आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.

लेक माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आई, माझ्या कपाटात...’’

‘‘कोटांच्या मागे दोन आहेत. माहीत आहे मला.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘चौथ्या दिवसापासून.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तू का नाही बोललीस?’’

ती मान खाली घालून म्हणाली, ‘‘आठवड्यातून एक-दोनदा, जेवताना एक पेला घेते. तुला वाईट वाटेल म्हणून लपवल्या.’’

मी म्हटले, ‘‘तू घेतेस याचं मला भय वाटतंच, ते वाटतच राहील. पण लपवू नकोस. लपवलेल्या वस्तूचं माप राहत नाही. तुझ्या आजोबांनी पहिली बाटली लपवली, तेव्हाच आईच्या हातून ती सुटली.’’

तेवढ्यात जावईबापूंनी पेला नाकाशी नेला आणि ओरडले, ‘‘आली!’’ खरेच आली होती. मीही माझा पेला उचलून वास घेतला. तेच लोणी, तेच सुके खोबरे, तीच लवंग. काजूच्या उसळीबरोबर ती अशी काही जमली म्हणतात, की व्याह्यांनी उसळ तीनदा घेतली. माझा पेला भरलेलाच राहिला. विहीणबाईंनी न बोलता तसाच दुसरा पेला आणला, त्यात माझ्यासाठी पाणी ओतले आणि आपला पेला त्याला भिडवला. एक चूक मात्र पुन्हा झाली. बासुंदीबरोबर कुणी घोट घेतला, तर ती कोरडी वाइन चिंचेच्या पाण्यासारखी आंबट लागली. गोडाच्या आधी पेले आवरावेत, हे लक्षात ठेवा.

वाढणाऱ्यासाठी चार गोष्टी

ज्यांच्या घरी अशा बाटलीचा प्रसंग येतो, त्यांच्यासाठी माझ्या फजितीचे सार सांगते. ओकची पांढरी वाइन ११ ते १३ अंश सेल्सियसला वाढावी. फ्रीजच्या कप्प्यात चार-पाच अंश असतात, म्हणून वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावी; आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंधरा मिनिटे पुरेत. बर्फाच्या कप्प्यात घालू नये आणि पेल्यात बर्फ टाकू नये. बूच काढल्यावर यजमानाने आधी स्वतः वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर बूच बिघडले असे समजून बाटली बाजूला ठेवावी. पेला एक-तृतीयांशच भरावा, म्हणजे वासाला जागा राहते आणि मापही राहते. एका बाटलीचे पाच-सहा पेले होतात. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. संपवलीच पाहिजे असे मुळीच नाही. या किमतीची वाइन वर्षानुवर्षे साठवण्याच्याही भरीस पडू नये. दोन-चार वर्षांत ती उघडलेली बरी. आणि जो घेत नाही, त्याच्या पुढ्यात त्याच जातीच्या पेल्यात पाणी ठेवावे. ‘का घेत नाही’ हे विचारू नये. त्याला सांगायचे असेल तर तो सांगेल.

मी निघाले त्या दिवशी सकाळी लेक कामावर गेली होती. भांडी आवरताना मी खालचा खण उघडला, टॉवेलची घडी मोडली आणि कॉर्कस्क्रू काढून वरच्या खणात ठेवला.

मुंबईला पोचून आठवडा झाला असेल. रात्री फोन वाजला.

‘‘आई, कॉर्कस्क्रू सापडत नाहीये. तू कुठे ठेवलास का?’’

‘‘वरच्या खणात बघ,’’ मी म्हटले, ‘‘लाटण्याशेजारी.’’